डिफरन्शियल क्रॉस सेक्शन कसा काढायचा? स्थितिस्थापक प्रकीर्णनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.च्या वर्गात स्कॅटरिंग शिकवायला सुरुवात झाली की हे प्रश्न येऊ लागतात, आणि नेट-सेट-गेटच्या तारखा जवळ आल्या की त्यांचा पूर येतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पुस्तकी मराठीत प्रकीर्णन (कण आदळून दिशा बदलणं) आणि काटछेद, वर्गातल्या बोलण्यात स्कॅटरिंग आणि क्रॉस सेक्शन. मी दोन्ही वापरतो. आलेली उत्तरपत्रं तपासताना एक गोष्ट मात्र सतत दिसते. चूक काटछेदात नसते, छेदात असते. इंटिग्रल बहुतेकांना सुटतं. पण भागायचं कशाने, कोणत्या फ्रेममध्ये आणि कोणता कण मोजून, इथे गाडी घसरते.

१. क्रॉस सेक्शन म्हणजे क्षेत्रफळ, हे पाठ आहे. पण नेमकं कशाचं क्षेत्रफळ? आणि त्यात 'डिफरन्शियल' काय?

कणाचं क्षेत्रफळ आपण मोजतच नाही, मोजतो ते एक गुणोत्तर. समोरून दर सेकंदाला, दर चौरस सेंटीमीटरमागे किती कण येतात हा झाला फ्लक्स. एका लक्ष्यकणामुळे दर सेकंदाला किती कण ठरावीक दिशेच्या डिटेक्टरमध्ये जातात, हा दुसरा आकडा. दुसऱ्याला पहिल्याने भागा. सेकंद कटतो, कणांची संख्या कटते, उरतो तो चौरस सेंटीमीटर. डिटेक्टर मोठा घेतला तर जास्त कण सापडणारच, म्हणून त्याने व्यापलेल्या घनकोनानेही भागायचं. मग जे मिळतं ते डीसिग्मा/डीओमेगा. सगळ्या दिशांवर त्याचं इंटिग्रल घेतलं की एकूण क्रॉस सेक्शन.

हे क्षेत्रफळ कणाच्या आकाराशी जुळलंच पाहिजे असं नाही. प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फेमटोमीटर, म्हणजे त्याची 'चकती' सुमारे ०.०२२ बार्नची. पण अगदी कमी ऊर्जेच्या न्यूट्रॉनला तोच प्रोटॉन २०.४ बार्नचा दिसतो, नऊशे पटींहून मोठा. कारण प्रश्न १२ मध्ये.

२. बार्न, फेमटोमीटर, जीईव्हीचा उणे दोन घात... एककांचा गोंधळ कसा मिटवायचा?

१ बार्न = १०⁻²⁸ चौरस मीटर = १०⁻²⁴ चौरस सेंटीमीटर = १०० चौरस फेमटोमीटर. बार्न म्हणजे धान्याचं कोठार. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात होलोवे आणि बेकर यांनी थट्टेत ठेवलेलं नाव; केंद्रकाच्या मानाने हे क्षेत्रफळ कोठाराएवढं ऐसपैस, हा त्यातला विनोद.

पाठ करायचे आकडे तीनच. एच-बार गुणिले सी = १९७.३ एमईव्ही-फेमटोमीटर. ई-वर्ग (गाउसियन पद्धतीतला, म्हणजे एसआयमधला ई-वर्ग भागिले ४ पाय एप्सिलॉन-शून्य) = १.४४ एमईव्ही-फेमटोमीटर. आणि १ जीईव्ही⁻² = ०.३८९४ मिलिबार्न. कूलोंब, फॅरड, ज्यूल यांच्या वाटेला जाऊ नका. परीक्षेत दहाचे घात सांभाळताना जितके गुण जातात, तितके भौतिकशास्त्र न कळल्याने जात नसावेत.

३. स्थितिस्थापक टक्करीत ऊर्जा टिकते ना? मग कार्बनवरून परत आलेल्या अल्फा कणाची (हेलियमच्या केंद्रकाची) ऊर्जा चौथाईवर का?

टिकते ती दोघांची मिळून गतिज ऊर्जा, आलेल्या कणाची एकट्याची नव्हे. लक्ष्य मागे सरकतं आणि आपला वाटा घेऊन जातं. 'स्थितिस्थापक' याचा अर्थ एवढाच, की कोणीही उत्तेजित अवस्थेत गेलं नाही, तुटलं नाही, नवा कण जन्मला नाही.

येणाऱ्या कणाचं वस्तुमान एम१ आणि लक्ष्याचं एम२ असेल, तर सरळ १८० अंशांत परतणाऱ्या कणाकडे मूळ ऊर्जेचा [(एम२ − एम१) ÷ (एम२ + एम१)]² एवढा भाग उरतो. अल्फा आणि सोन्यासाठी (१९३/२०१)², म्हणजे सुमारे ०.९२. अल्फा आणि कार्बनसाठी (८/१६)² = ०.२५. परतलेल्या कणाची ऊर्जा पाहून समोर कोणतं मूलद्रव्य होतं हे ओळखता येतं; रदरफोर्ड बॅकस्कॅटरिंग नावाचं पातळ थर तपासण्याचं तंत्र यावरच उभं आहे. सीएम फ्रेममध्ये (जिथून पाहिलं तर दोघांचं वस्तुमानकेंद्र स्थिर दिसतं) मात्र प्रत्येक कणाची ऊर्जा टकरीआधी आणि टकरीनंतर तेवढीच राहते, फक्त दिशा बदलते.

४. डीसिग्मा/डीओमेगा सगळीकडे सारखा आहे, तरी आमच्या सिम्युलेशनच्या आलेखात ९० अंशांवर डोंगर येतो. कोड चुकलाय का?

कोड बरोबर आहे, छेद बदललाय. तुम्ही प्रत्येक अंशामागे कण मोजताय, प्रत्येक स्टेरेडियनमागे नाही. डीसिग्मा/डीथीटा = २ पाय × साइन थीटा × डीसिग्मा/डीओमेगा. पृथ्वीगोलावर विषुववृत्ताजवळचा एक अंशाचा पट्टा ध्रुवाजवळच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, तसंच हे. प्रत्येक खणातली संख्या साइन थीटाने भागा, डोंगर सपाट होईल. कोसाइन थीटाचे सारखे खण पाडले तर भागायचीही गरज नाही.

५. अभिजात पद्धतीने सूत्र कुठून येतं? टणक गोळ्यावर करून दाखवाल का?

इम्पॅक्ट पॅरामीटर बी म्हणजे, कण न वळता सरळ गेला असता तर लक्ष्याच्या केंद्रापासून किती अंतरावरून गेला असता ते अंतर. बी आणि बी + डीबी यांच्यामधल्या कड्यातून आलेले कण थीटा आणि थीटा + डीथीटा यांच्यामध्ये बाहेर पडतात. कण तेवढेच, म्हणून २ पाय बी डीबी = (डीसिग्मा/डीओमेगा) × २ पाय साइन थीटा डीथीटा. यातून:

डीसिग्मा/डीओमेगा = (बी ÷ साइन थीटा) × |डीबी/डीथीटा|

उभ्या रेघा विसरू नका. बी वाढला की कोन कमी होतो, अवकलज ऋण येतो, आणि ऋण क्रॉस सेक्शन लिहिलेले पेपर मी दरवर्षी पाहतो.

आर त्रिज्येच्या टणक गोळ्यासाठी बी = आर × कोसाइन(थीटा/२). वरच्या सूत्रात घाला. उत्तर आर²/४, कोनावर अवलंबून नाही. त्याला ४ पायने गुणलं की पाय आर². येणारा कणही गोळाच असेल तर आर म्हणजे दोन्ही त्रिज्यांची बेरीज.

एकाच थीटासाठी दोन-तीन बी असतील तर प्रत्येकाचा वाटा वेगळा काढून बेरीज करायची. डीथीटा/डीबी शून्य झालं तर सूत्र अनंत होतं. त्याला रेनबो म्हणतात, कारण आकाशातल्या इंद्रधनुष्याचं गणित हेच. बी शून्य नसताना साइन थीटा शून्य झाला तर ती ग्लोरी. हे नाव ज्या प्रकाशवलयावरून आलं, ते म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात नशीबवानांना दिसणारं इंद्रवज्र. दोन्ही ठिकाणी अनंत हे उत्तर अभिजात गणिताचं. तरंगांचा विचार केला की ते आटोक्यात येतं.

६. रदरफोर्डचं सूत्र पाठ आहे, पण आकडे घालताना अडतो. एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवा ना, सर.

सोडवू. सूत्र असं:

डीसिग्मा/डीओमेगा = (झेड१ × झेड२ × ई-वर्ग ÷ ४ई)² ÷ साइन⁴(थीटा/२)

झेड१ आणि झेड२ हे दोन्ही कणांचे प्रभार-क्रमांक. कंसातला शेवटचा ई हा सीएम फ्रेममधली गतिज ऊर्जा. सोन्यासारखं जड लक्ष्य असेल तर लॅबमधली (लक्ष्य स्थिर असतानाची) ऊर्जा घातली तरी ऊर्जेत दोनेक आणि उत्तरात चारेक टक्क्यांचाच फरक पडतो.

अमेरिशियम-२४१ मधून निघणारा सुमारे ५.५ एमईव्हीचा अल्फा, समोर सोन्याचा वर्ख. २ × ७९ × १.४४ = २२७.५. भागिले ४ × ५.५, म्हणजे २२: १०.३४ फेमटोमीटर. वर्ग सुमारे १०७ चौरस फेमटोमीटर, म्हणजे १.०७ बार्न. हा झाला १८० अंशांवरचा आकडा. ९० अंशांवर साइन⁴(४५) = १/४, म्हणून ४.२८ बार्न प्रति स्टेरेडियन. ६० अंशांवर १७.१. ३० अंशांवर २३८. आणि १० अंशांवर सुमारे १८,५००! १८० पासून १० अंशांपर्यंत येताना सतरा हजार पटींची चढण आहे.

आता प्रत्यक्षात मोजणी किती होईल? वर्ख १ मायक्रोमीटर जाड असेल तर दर चौरस सेंटीमीटरमागे सोन्याचे ५.९ × १०¹⁸ अणू. १ चौरस सेंटीमीटरचा डिटेक्टर १० सेंटीमीटरवर ठेवला तर घनकोन ०.०१ स्टेरेडियन. ६० अंशांवर: १७.१ × १०⁻²⁴ × ५.९ × १०¹⁸ × ०.०१, म्हणजे सुमारे दहा लाखांत एक. दर सेकंदाला दहा हजार अल्फा वर्खावर पडत असतील तर तासाला सुमारे ३६ कण. ९० अंशांवर तासाला जेमतेम ९. गायगर आणि मार्सडेन यांनी मँचेस्टरमध्ये १९१३ साली ५ ते १५० अंशांपर्यंत हे सूत्र तपासलं ते अंधाऱ्या खोलीत, झिंक सल्फाइडच्या पडद्यावरची एकेक ठिणगी डोळ्यांनी मोजून. आपल्याकडे सरफेस बॅरिअर डिटेक्टर असूनही प्रॅक्टिकलला कंटाळा येतो.

७. रदरफोर्डचा एकूण क्रॉस सेक्शन अनंत येतो. माझं इंटिग्रल चुकलं का?

नाही, खरंच अनंत येतो. कूलोंब बल कितीही दूरवर पूर्ण संपत नाही, त्यामुळे एक किलोमीटरवरून जाणारा कणही थोडासा वळतोच आणि 'प्रकीर्ण' म्हणून मोजला जातो. खऱ्या अणूत इलेक्ट्रॉन केंद्रकाचा प्रभार झाकतात, म्हणून अणूच्या आकारापलीकडे बल जवळपास शून्य होतं आणि उत्तर सांत येतं.

गणितात काम भागवायचं असेल तर 'एका कोनापेक्षा जास्त' असा प्रश्न विचारा: सिग्मा(थीटापेक्षा जास्त) = पाय × (डी/२)² × कोटॅन्जन्ट²(थीटा/२). इथे डी म्हणजे समोरासमोर गेल्यास गाठता येणारं किमान अंतर, वरच्या उदाहरणात २२७.५/५.५ = ४१.४ फेमटोमीटर. ९० अंशांहून जास्त वळण्याचा क्रॉस सेक्शन १३.५ बार्न येतो. त्या वर्खातून जाणाऱ्या साधारण साडेबारा हजारांतला एक अल्फा मागे फिरेल.

८. लॅब फ्रेम आणि सीएम फ्रेम: कोन बदलला, क्रॉस सेक्शन तोच ठेवला. गुण का कापले?

कारण कोन बदलला की घनकोनही बदलतो. सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा थांबून पाहू.

एकूण क्रॉस सेक्शन दोन्ही फ्रेममध्ये सारखा असतो, कारण कण तेवढेच वळतात. डिफरन्शियलमध्ये मात्र छेदात घनकोन आहे. गॅमा = एम१/एम२ घेतला (एम१ येणारा, एम२ लक्ष्य), तर:

टॅन(लॅब कोन) = साइन थीटा ÷ (कोसाइन थीटा + गॅमा)

लॅबमधला डीसिग्मा/डीओमेगा = सीएममधला × (१ + २ गॅमा कोसाइन थीटा + गॅमा²) चा दीड घात ÷ |१ + गॅमा कोसाइन थीटा|

उजवीकडचा थीटा सीएममधला आहे, लॅबचा कोन तिथे घालू नका. ऊर्जेचंही तसंच: सीएममधली ऊर्जा = लॅबमधली × एम२ ÷ (एम१ + एम२). प्रोटॉनवर प्रोटॉन आदळत असेल तर लॅबमधली निम्मीच ऊर्जा कामाला येते.

वस्तुमानं सारखी असतील तर सगळं सोपं: लॅब कोन = थीटा/२, गुणक ४ × कोसाइन(लॅब कोन). लॅबमध्ये ९० अंशांपलीकडे काहीच जात नाही, आणि दोन्ही कण एकमेकांशी काटकोन करून निघतात.

येणारा कण जड असेल तर आणखी गंमत. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीहून जड असतो. पाटावर एकट्या पडलेल्या सोंगटीवर तो कसाही मारा, सोंगटीला आदळून तो उलटा तुमच्याकडे येत नाही. त्याच्या वळण्याला मर्यादा आहे: साइन(कमाल कोन) = एम२/एम१. हायड्रोजनवर आदळणारा अल्फा १४.५ अंशांपलीकडे जाऊच शकत नाही, ड्यूटेरियमवर ३० अंशांपलीकडे. या मर्यादेच्या आत प्रत्येक लॅब कोनाला सीएममधले दोन कोन असतात. कणाची ऊर्जा न मोजता फक्त मोजणी केली असेल तर दोन्हींचे वाटे मिळवावे लागतात. आणि नेमक्या कमाल कोनावर गुणकातला छेद शून्य होतो, म्हणून तिथला 'अनंत' पाहून घाबरू नका. तो प्रश्न ५ मधल्या रेनबोसारखाच आहे.

९. बॉर्न अप्रॉक्सिमेशन वापरायचं की पार्शल वेव्ह? कसं ठरवायचं?

पुंज यांत्रिकीत दोन्हींचा शेवट एकच: डीसिग्मा/डीओमेगा = |एफ(थीटा)|². एफ हा अ‍ॅम्प्लिट्यूड, त्याचं एकक लांबी. पुढे के म्हणजे येणाऱ्या तरंगाची तरंगसंख्या.

विभव दुबळं किंवा कण वेगवान असेल तर बॉर्न. केंद्रीय विभवासाठी एफ हा विभवाचा फूरिए ट्रान्सफॉर्मच, आणि त्यात कोन येतो तो फक्त क्यू = २के साइन(थीटा/२) मधून. ऊर्जा कमी आणि विभव आखूड पल्ल्याचं असेल तर पार्शल वेव्ह:

एफ = (१/के) × बेरीज [(२एल + १) × (ई चा आय-डेल्टा घात) × साइन डेल्टा × पी-एल(कोसाइन थीटा)]

एल हा कोनीय संवेगाचा क्रमांक, डेल्टा त्या एलची फेज शिफ्ट (विभवामुळे तरंग किती सरकला ते), पी-एल म्हणजे लिजेंडर बहुपदी. किती एल घ्यायचे? साधारण के × आर एवढे, आणि वर एक-दोन. १ एमईव्हीच्या न्यूट्रॉनसाठी के सुमारे ०.२२ प्रति फेमटोमीटर; शिशाच्या केंद्रकाची त्रिज्या सुमारे ७ धरली तर के × आर = १.५. तीन-चार तरंगांत काम होतं. १४ एमईव्हीला हाच गुणाकार पावणेसहाच्या आसपास जातो, मग हाताने करण्यात अर्थ नाही, संगणकाकडे जा. कूलोंबसारख्या लांब पल्ल्याच्या बलासाठी ही बेरीज सरळ अभिसारीच होत नाही. तिथे कूलोंबचा नेमका अ‍ॅम्प्लिट्यूड वेगळा लिहून फक्त केंद्रकीय भागासाठी फेज शिफ्ट काढतात.

१०. बॉर्नने रदरफोर्डचं सूत्र जसंच्या तसं येतं. म्हणजे सोन्यावरच्या अल्फाला बॉर्न लागू पडतं ना?

अजिबात नाही. बॉर्न लागू पडायला झेड१ × झेड२ × ई-वर्ग ÷ (एच-बार × वेग) एकापेक्षा खूप लहान हवं. प्रश्न ६ मधल्या अल्फासाठी हा आकडा येतो २१ च्या आसपास. तरी उत्तर तेच. कूलोंब बलाच्या बाबतीत अभिजात गणित, बॉर्न आणि नेमकं पुंज गणित तिन्हींचा डीसिग्मा/डीओमेगा एकच निघतो. हा निव्वळ योगायोग आहे, आणि रदरफोर्डला १९११ मध्ये पुंज यांत्रिकी माहीत नसूनही बरोबर उत्तर मिळालं ते या योगायोगामुळे.

फरक दडलाय तो अ‍ॅम्प्लिट्यूडच्या फेजमध्ये. वर्ग करताना ती नाहीशी होते, पण दोन अ‍ॅम्प्लिट्यूडची बेरीज करायची वेळ आली (प्रश्न १३) की बॉर्न उघडं पडतं. ऑप्टिकल थिअरमचंही असंच. एकूण क्रॉस सेक्शन = (४ पाय/के) × एफ(०) चा काल्पनिक भाग. पहिल्या पायरीचा बॉर्न अ‍ॅम्प्लिट्यूड वास्तव असतो, म्हणजे एकूण शून्य? नाही. विभवाच्या ताकदीत एफ पहिल्या घाताचा आणि क्रॉस सेक्शन दुसऱ्या घाताचा. काल्पनिक भाग बॉर्नच्या दुसऱ्या पायरीत सापडतो.

११. टणक गोळ्याचं उत्तर कुठे पाय आर², कुठे ४ पाय आर², कुठे २ पाय आर². कोणतं बरोबर?

तिन्ही, आपापल्या जागी. पाय आर² अभिजात, प्रश्न ५ मधलं. पुंज यांत्रिकीत ऊर्जा खूप कमी असेल तर फक्त एस-तरंग (एल = ०) उरतो, डेल्टा = −के × आर, आणि एकूण ४ पाय आर²; लांब तरंग गोळ्याला चारही बाजूंनी वेढतो आणि त्याचा सगळा पृष्ठभाग 'पाहतो'.

ऊर्जा खूप वाढवली तर अभिजात उत्तर यायला हवं, पण येतं दुप्पट. गोळ्यामागे सावली पडते ना, ती पडण्यासाठी मूळ तरंग तिथे पुसला जावा लागतो, आणि पुसणारा तरंग हाही प्रकीर्ण तरंगच. त्याचा वाटा पाय आर², आणि तो सगळा जवळजवळ शून्य अंशांवर, अगदी अरुंद शंकूत. डिटेक्टर तेवढ्या लहान कोनावर नेलात नाही तर मोजणीत पाय आर²च दिसेल.

१२. स्पिन असेल तर आधी बेरीज करून वर्ग, की वर्ग करून बेरीज?

शेवटच्या अवस्था वेगळ्या ओळखता येत असतील तर वर्ग आधी, बेरीज नंतर. येत नसतील तर उलट. सुरुवातीच्या स्पिनची सरासरी घ्यायची, शेवटच्यांची बेरीज.

न्यूट्रॉन-प्रोटॉन हे याचं झकास उदाहरण. दोघांचे स्पिन मिळून ट्रिपलेट (तीन अवस्था) किंवा सिंग्लेट (एक). कमी ऊर्जेला दोघांच्या स्कॅटरिंग लेंग्थ (जिच्या वर्गाला ४ पायने गुणलं की क्रॉस सेक्शन मिळतो ती लांबी) ५.४२ आणि −२३.७ फेमटोमीटर. वर्ग करून तीनास एक या प्रमाणात सरासरी: ४ पाय × (¾ × २९.४ + ¼ × ५६२) = सुमारे २०४० चौरस फेमटोमीटर, म्हणजे २०.४ बार्न. दर स्टेरेडियनला (सीएममध्ये, सगळ्या दिशांना सारखाच) १.६ बार्न. प्रश्न १ मधल्या नऊशे पटींचा खुलासा इथे आहे: सिंग्लेट अवस्था बांधली जाता जाता थोडक्यात राहिली आहे, म्हणून तिची स्कॅटरिंग लेंग्थ एवढी अवाढव्य.

१३. दोन्ही कण एकसारखेच असतील तर नुसतं दुप्पट करायचं ना?

सीएम फ्रेममध्ये एक कण थीटाला गेला की दुसरा १८० − थीटाला जातो. डिटेक्टरला दोघांत भेद कळत नाही. अभिजात हिशेबाने |एफ(थीटा)|² + |एफ(१८० − थीटा)|². पुंज यांत्रिकीत आधी अ‍ॅम्प्लिट्यूडची बेरीज किंवा वजाबाकी.

अल्फा-अल्फा (स्पिन शून्य) ९० अंशांवर: अभिजात २|एफ|², पुंज ४|एफ|². मॉटने हे भाकीत केलं आणि चॅडविकने १९३० मध्ये हेलियम वायूत अल्फा सोडून लॅबच्या ४५ अंशांवर (प्रश्न ८ प्रमाणे हेच सीएमचे ९०) दुप्पट कण दाखवून दिले. इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन, स्पिनची दिशा ठरवलेली नसेल तर: एक चतुर्थांश वेळा बेरीज, तीन चतुर्थांश वेळा वजाबाकी. ९० अंशांवर वजाबाकी शून्य, उरतं |एफ|², म्हणजे अभिजातच्या निम्मं.

एकूण क्रॉस सेक्शन काढताना अर्ध्याच गोलावर इंटिग्रेट करा, नाहीतर प्रत्येक टक्कर दोनदा मोजली जाईल.

१४. इलेक्ट्रॉनसाठी रदरफोर्डच्या सूत्रात ४ई च्या जागी २ई का? आणि फॉर्म फॅक्टर कुठे येतो?

मूळ सूत्रात खरं तर २ × संवेग × वेग आहे. मंद कणासाठी ते ४ई होतं, प्रकाशाच्या वेगाजवळच्या इलेक्ट्रॉनसाठी २ई. त्याला कोसाइन²(थीटा/२) ने गुणलं की मॉट क्रॉस सेक्शन. स्पिन नसलेल्या लक्ष्यावरून वेगवान इलेक्ट्रॉन सरळ मागे फिरू शकत नाही, म्हणून १८० अंशांवर हा गुणक शून्य.

केंद्रक बिंदू नसून पसरलेलं असेल तर आणखी गुणायचं |एफ(क्यू²)|² ने. हा फॉर्म फॅक्टर, प्रभाराच्या वाटणीचा फूरिए ट्रान्सफॉर्म. क्यू लहान असताना तो १ − क्यू²आर²/६; इथे आर² म्हणजे प्रभाराच्या त्रिज्येच्या वर्गाची सरासरी. स्टॅनफर्डमध्ये हॉफस्टॅटरने १९५० च्या दशकात याच वाटेने केंद्रकं आणि प्रोटॉन यांचा आकार मोजला, १९६१ मध्ये नोबेल मिळवलं. हलक्या लक्ष्यावर रिकॉइलचा (लक्ष्य मागे सरकण्याचा) गुणक विसरू नका: ४०० एमईव्हीचा इलेक्ट्रॉन प्रोटॉनवरून ६० अंशांत वळला तर त्याच्याकडे ८२ टक्केच ऊर्जा उरते.

१५. रदरफोर्डचं सूत्र कधी मोडतं?

कण केंद्रकीय बलाच्या पल्ल्यात शिरला की. कोनानुसार किमान अंतर = (झेड१ × झेड२ × ई-वर्ग ÷ २ई) × (१ + १/साइन(थीटा/२)). शिशावर अल्फा, कोन ६० अंश ठेवून ऊर्जा वाढवत नेली तर २७ एमईव्हीच्या आसपास मोजणी सूत्राच्या खाली कोसळते. तेव्हाचं किमान अंतर सुमारे १३ फेमटोमीटर. कण शोषले जातात, विभवाला काल्पनिक भाग जोडावा लागतो, यालाच ऑप्टिकल मॉडेल म्हणतात. अशा मापनांत डीसिग्मा/डीओमेगा थेट न काढता रदरफोर्डशी त्याचं गुणोत्तर काढतात, म्हणजे हजारो पटींची चढण निघून जाते आणि बिघाड डोळ्यांना दिसतो. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात असलेल्या पेलेट्रॉन या कणत्वरकावरच्या प्रयोगांतही असेच आलेख निघतात.

१६. भाभा स्कॅटरिंग म्हणजे आपले होमी भाभाच का? ते कसं काढायचं?

तेच. केंब्रिजमध्ये असताना त्यांनी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन प्रकीर्णनाचं गणित केलं, १९३६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. टीआयएफआर ही नंतरची, १९४५ ची गोष्ट. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकसारखे नाहीत, म्हणून प्रश्न १३ इथे लागू नाही. पण दोघे नष्ट होऊन पुन्हा जन्मू शकतात, आणि तो अ‍ॅम्प्लिट्यूड साध्या प्रकीर्णनाच्या अ‍ॅम्प्लिट्यूडमध्ये मिसळतो. भाभांचं म्हणणं नेमकं हेच होतं.

क्षेत्र सिद्धांतात सीएममधल्या स्थितिस्थापक टक्करीसाठी डीसिग्मा/डीओमेगा = |एम|² ÷ (६४ पाय² × एस); इथे एम म्हणजे वस्तुमान नव्हे, क्षेत्र सिद्धांतातून येणारा टक्करीचा अ‍ॅम्प्लिट्यूड, आणि एस म्हणजे सीएममधल्या एकूण ऊर्जेचा वर्ग. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान नगण्य धरलं आणि फक्त विद्युतचुंबकीय बल घेतलं तर (इथला अल्फा हा कण नव्हे, फाइन-स्ट्रक्चर स्थिरांक, सुमारे १/१३७):

(अल्फा² ÷ २एस) × { [१ + कोसाइन⁴(थीटा/२)] ÷ साइन⁴(थीटा/२) − २ कोसाइन⁴(थीटा/२) ÷ साइन²(थीटा/२) + (१ + कोसाइन² थीटा) ÷ २ }

९० अंशांवर महिरपी कंस ५ − १ + ०.५ = ४.५. एकूण ऊर्जा १० जीईव्ही असेल तर उत्तर ०.४७ नॅनोबार्न प्रति स्टेरेडियन. लहान कोनांवर पहिलं पद बाकीच्यांना झाकून टाकतं, आणि ते सिद्धांतातून फार अचूक येतं. म्हणून सर्नच्या लेप या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टक्करयंत्रात हे गणित उलटं वापरत: लहान कोनांवरच्या भाभा घटना मोजायच्या, ज्ञात क्रॉस सेक्शनने भागायचं, की यंत्राची ल्युमिनॉसिटी (क्रॉस सेक्शनला जिने गुणलं की घटनांची संख्या मिळते ती) हातात.

१७. आमच्या प्रॅक्टिकलमध्ये मोठे कोन जुळतात, १० अंशांवर मोजणी दीडपट येते. सूत्र चुकलं की डिटेक्टर?

बहुधा कोनमापक. साइनच्या चौथ्या घातामुळे लहान कोनावर एका अंशाची चूक भयंकर महाग पडते. १० अंश समजून प्रत्यक्षात ९ वर असाल तर मोजणी १.५२ पट येते. ११ वर असाल तर ०.६८ पट. ९० अंशांवर तीच चूक साडेतीन टक्क्यांची.

उपाय: शून्याच्या डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही बाजूंना तेच कोन घेऊन मोजा. दोन आलेख एकमेकांवर बसत नसतील तर जितके सरकवावे लागतात त्याच्या निम्मी तुमच्या शून्याची चूक. त्यानंतरही लहान कोनांवर फरक राहिला तर डिटेक्टरची रुंदी पाहा. तो स्वतःच काही अंश व्यापत असेल तर मधल्या कोनाचा आकडा न घेता त्याच्या रुंदीवर सूत्राची सरासरी घ्यायला हवी. वर्ख जाड असेल तर एकच कण अनेकदा थोडा थोडा वळतो आणि ऊर्जाही गमावतो, १ मायक्रोमीटर सोन्यात सुमारे ०.४ एमईव्ही. दोन वेगवेगळ्या जाडीचे वर्ख लावून पाहा: मोजणी जाडीच्या सरळ प्रमाणात वाढत नसेल तर दोष वर्खाचा.